जिन्यावरचा उंट

वख्शू नदीच्या अलीकडे आमचं कोठार.
पलीकडे कुणाचंच काही नाही,
अशी पत्रात लिहायची पद्धत आहे.
खरं तर पलीकडे शक आहेत, त्यांची धुरानं काळवंडलेली
नमद्याची घरं आहेत,
आणि माझ्या थोरल्या बहिणीचं, आर्मिताचं, सासर आहे.
हे अरामीत लिहिता येत नाही.

अरामी इथं कुणाच्याच आईची भाषा नाही.
मी ती बोटांवर फटके खात शिकलो,
उजवीकडून डावीकडे,
कोठाराच्या दारात उभं राहिलं की नदी जाते तशी.
आज केस पिकले माझे,
पण स्वप्नात अजून कुणी मला
अरामीत हाक मारलेली नाही.

ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठी काठी.
वाळुंजाची ओली फांदी, तिच्यावर खाचा,
एका पोत्याला एक.
मग उभी चिरायची.
अर्धी त्याची, अर्धी सरकारची.
माझ्या फडताळात चारशे अर्ध्या काठ्या आहेत.
त्यांची दुसरी अर्धुकं कुणाच्या चुलीत गेली,
एक तर मी पोराच्या टांगेखाली पाहिलं,
घोडा झालेलं.

राजांच्या राजाचा हुकूम इथं पोचतो
तोवर त्यातला राग शिळा झालेला असतो.
भिंत दुरुस्त करा, हुकूम म्हणतो.
भिंत दोन पुरांपूर्वी गेली,
ज्या काठावर होती तो काठही गेला.
आम्ही लिहितो, काम चालू आहे.
उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय बोलायचं?
उंटही आमचेच, शेळ्याही आमच्याच.

त्या साली वख्शुबंद गेला होता पारसाला,
दोन मदारींचा नर घेऊन.
अख्ख्या गावाची मदार त्याच एका जनावरावर,
तरी तोच निवडला त्यांनी.
वख्शुबंद परतला दुसऱ्या हिवाळ्यात, पायी,
दाढीत मीठ घेऊन.
उंट?
ठेवून घेतला.
आणि काय पाहिलंस तिथं?

जिना, तो म्हणाला.
घोडासुद्धा चढेल इतक्या बुटक्या पायऱ्यांचा.
आणि कडेच्या भिंतीवर, दगडात, आपण.

आपण म्हणजे?

आपण. घोट्यापाशी चुरगळलेली आपली विजार.
आपल्या वाट्या. आपला उंट, ओठ लोंबलेला,
गळ्यात घंटा.
मी कान लावून पाहिला घंटेला.
पहारेकरी हसला.

मी त्याला गरम ताक दिलं. त्यानं ते हातातच धरून ठेवलं.

सगळ्यांच्या पुढे जो आपला माणूस आहे ना, तो म्हणाला,
त्याचा हात एका पारसिक दरबाऱ्यानं धरलाय.

घट्ट?

तो बराच वेळ जाळाकडे बघत राहिला.
पाहुण्याला आत नेताना धरतात, तसा.
मग म्हणाला,
किंवा पळून जाऊ नये म्हणून धरतात, तसा.
मी तीन दिवस जाऊन जाऊन बघितलं.
दगडात दोन्ही सारखंच दिसतं.

नंतर त्यानं कमरेच्या फडक्यातून
काठीचं आपलं अर्धुक काढलं.
एकच खाच. एक उंट.
तिथं कुणी मागितलीच नाही, म्हणाला.
मी फडताळातून माझं काढलं,
दोन्ही जुळवून पाहिली.
त्याचं उन्हात वाळून धनुष्यासारखं वाकलेलं,
माझं सावलीत, ओलीला, फुगलेलं.
मधून बोट जाईल एवढी फट.
एकाच फांदीची होती, शपथेवर सांगतो,
मीच चिरली होती.

त्यानं त्याचं जाळात टाकलं.
मी चामड्यावर लिहिलं:
उंट, नर, एक. पोचला.
शाई गोठत होती, बोरू तोंडात धरून धरून लिहिलं.

बाहेर नदी पांढरी पडली होती.
पलीकडच्या तीरावर
कुणीतरी शेळ्या हाकत होतं,
आपल्याच बोलीत,
पायी.